सर्व्हरवर लक्ष कसं ठेवावं: बडोद्यातल्या लहान ऑफिसांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली सीए मंडळींची ऑफिसं, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, दवाखाने, वाचनालयं, शाळा. बहुतेकांकडे एक किंवा दोन सर्व्हर असतात आणि ते सांभाळायला पूर्णवेळ माणूस नसतो. कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून ज्याच्या गळ्यात हे काम पडतं, त्याच्यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत लिहायची.

सर्व्हर चालू आहे, कामं होतायत. मग लक्ष ठेवायचं कशासाठी?

कारण ज्या दिवशी तो रखडेल, त्या दिवशी पहिला प्रश्न येईल: नेहमी किती असतं? सीपीयू ६० टक्के दिसला, तर ते जास्त की कमी? दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटी रिटर्नच्या गडबडीत तो ८० टक्क्यांवर जात असेल, तर ६० म्हणजे आरामच. एरवी १० टक्क्यांवर असणारा सर्व्हर रविवारी पहाटे ६० वर असेल, तर मात्र काहीतरी बिनसलंय. याचं उत्तर त्याच मशीनच्या जुन्या नोंदींमध्ये असतं आणि त्या आधीपासून गोळा केलेल्या असतील तरच मिळतं. म्हणून माझा आग्रह एवढाच, की सगळं सुरळीत असतानाच नोंदी ठेवायला लागा.

नवीन काही न बसवता सुरुवात करता येईल का?

येईल, आणि तशीच करावी. लिनक्सवर अपटाइम, टॉप, फ्री, डीएफ आणि व्हीएमस्टॅट आधीपासूनच असतात. 'व्हीएमस्टॅट ५' असं लिहिलंत, की दर पाच सेकंदांनी एक ओळ उमटत राहते. प्रोसेस (चालू प्रोग्राम) किती थांबल्यात, मेमरीतून स्वॅपमध्ये (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) काय जातंय, डिस्कवर किती वाचलं-लिहिलं जातंय आणि सीपीयू कुठे खर्च होतोय, हे सगळं एका नजरेत दिसतं. पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ती सोडून द्यायची आणि दुसरीपासून वाचायचं.

यात एकच भर घाला: सिसस्टॅट नावाचं पॅकेज. त्यातली 'सार' ही कमांड मागच्या नोंदी दाखवते. साधारण दर दहा मिनिटांनी एक नोंद फाइलमध्ये पडते आणि मशीनवर त्याचा भार जाणवतसुद्धा नाही. काही ठिकाणी पॅकेज टाकल्यावरही नोंदी घेणं आपोआप सुरू होत नाही, तेव्हा ते सुरू आहे का हे नक्की पाहा. किती दिवसांच्या नोंदी ठेवायच्या तेही सेटिंगमध्ये वाढवता येतं. काल दुपारी तीन वाजता काय झालं होतं, याचं उत्तर ज्याच्याकडे असतं, त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

लोड अ‍ॅव्हरेज ९ दाखवतोय. सर्व्हर नवा घ्यावा का?

लगेच नको. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि या आकड्यापायी पैसेही बरेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अपटाइम किंवा टॉपमध्ये लोडचे, म्हणजे काम करणाऱ्या आणि रांगेत थांबलेल्या प्रोसेसच्या सरासरी संख्येचे, तीन आकडे दिसतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल तर भार आत्ता चढतोय. उलट असेल तर तो ओसरतोय. आकडा कोअरच्या (सीपीयूतल्या एकाच वेळी काम करणाऱ्या भागांच्या) संख्येशी ताडून पाहायचा. 'एनप्रॉक' या कमांडने कोअर किती ते कळतं. चार कोअरवर ४ म्हणजे पुरेपूर काम, ९ म्हणजे रांग लागलेली.

पण लिनक्समध्ये एक मेख आहे. बऱ्याच युनिक्स प्रणालींत लोड म्हणजे सीपीयूवर चालू असलेल्या किंवा त्यासाठी थांबलेल्या प्रोसेस. लिनक्समध्ये १९९३ सालच्या एका बदलापासून डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात. त्यामुळे सीपीयू रिकामा बसलेला आणि लोड मात्र ९, असं चित्र दिसू शकतं.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नेमकं हेच होतं. संध्याकाळी माल रवाना करायच्या वेळी चलान आणि बिलं निघायला मिनिट-मिनिट लागायचं, गाड्या गेटवर उभ्या. चार कोअरचं मशीन, लोड नऊच्या वर, आणि नव्या सर्व्हरचं कोटेशनही येऊन पडलेलं. टॉप उघडला तर सीपीयूच्या ओळीत आयडल साठीच्या घरात, पण 'डब्ल्यूए' हा आकडा तिशी ओलांडून गेलेला. म्हणजे सीपीयू डिस्कची वाट पाहत बसलाय. मग आयओस्टॅटला 'एक्स' हा पर्याय लावून पाहिलं. डिस्क शंभर टक्के व्यग्र आणि एकेका लिखाणाला दीडशे मिलिसेकंदांहून जास्त वेळ. नेहमीच्या फिरत्या हार्डडिस्कला तो दहाच्या आसपास लागतो. आयओटॉपने नाव सांगितलं: बॅकअप. कोणीतरी पूर्वी तो संध्याकाळी लावून ठेवला होता, कारण त्या काळी ऑफिस लवकर बंद व्हायचं. बॅकअप रात्री दोनवर नेला आणि कोटेशन फाइलमध्येच राहिलं.

डब्ल्यूए वाढलेला आहे आणि बॅकअपसारखं काहीच सापडत नाही, अशा वेळी डिस्कच मरायला टेकली आहे का ते बघा. स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली माहिती वाचता येते. त्यात बदललेले सेक्टर आणि बदलायच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, या दोन ओळी आधी वाचायच्या. तिथे शून्याऐवजी वाढता आकडा दिसत असेल, तर त्याच दिवशी बॅकअप तपासा आणि नवी डिस्क मागवा.

मेमरी ९५ टक्के भरलेली दिसते. रॅम वाढवू?

'फ्री' कमांडमध्ये यूज्ड आणि फ्री हे रकाने पाहून घाबरू नका. 'अव्हेलेबल' हा रकाना पाहा. रिकामी पडलेली मेमरी लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि एखाद्या प्रोग्रामला गरज पडली की लगेच सोडतो. अव्हेलेबल पुरेसं असेल तर रॅमला हात लावायची गरज नाही.

खरी टंचाई दोन ठिकाणी दिसते. एक, व्हीएमस्टॅटमधले 'एसआय' आणि 'एसओ' हे रकाने सतत हलत असतील, म्हणजे स्वॅपमध्ये ये-जा चालू असेल तर. स्वॅपमध्ये नुसतं काही पडून आहे, याने बिघडत नाही. दोन, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये मेमरी संपली म्हणून एखादी प्रोसेस मारल्याची ओळ सापडली तर. डेटाबेस आपोआप बंद पडतो अशी तक्रार असेल, तर सिस्टमच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या कमांडमध्ये आधी ही ओळ शोधा.

डिस्कवर जागा दिसते, तरी 'जागा नाही' असा एरर का?

बहुतेक वेळा आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद) संपलेले असतात. लाखो बारीक फाइली साठल्या की असं होतं. सेशनच्या फाइली आणि मेलची रांग हे नेहमीचे संशयित. डीएफला 'आय' पर्याय लावून पाहा. उलट प्रकारही घडतो: मोठी लॉग फाइल पुसली तरी जागा परत येत नाही, कारण एखाद्या प्रोग्रामने ती अजून उघडी धरलेली असते. एलएसओएफने तो प्रोग्राम शोधा आणि रीस्टार्ट करा.

नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस, म्युनिन, नेटडेटा... नेमकं कोणतं घ्यावं?

लक्ष ठेवणारी ही सगळी सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण वेगवेगळ्या गरजांतून आलेली आहेत. नागिओस १९९९ साली ईथन गॅलस्टॅड यांनी नेटसेंट या नावाने आणलं. चालू आहे की बंद, ठीक आहे की नाही, एवढं तपासून कळवणं हा त्याचा पिंड. झॅबिक्स २००१ पासून सगळ्यांसाठी उपलब्ध झालं. नोंदी, ग्राफ आणि अलर्ट त्यात एकाच छताखाली मिळतात. प्रोमिथियसची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत झाली. शेकडो सेवा रोज जन्मतात-मरतात अशा वातावरणासाठी ते घडलं. त्याच्यासोबत ग्राफ दाखवायला बहुतेक जण ग्राफाना वापरतात. म्युनिन दर पाच मिनिटांनी मोजतं आणि साधी पानं बनवतं. नेटडेटा दर सेकंदाला मोजतं.

माझं मत विचाराल तर एकच लिनक्स सर्व्हर असेल तिथे म्युनिन पुरतं. ते दिसायला जुनाट आहे, पण दिवस, आठवडा, महिना आणि वर्ष असे चार ग्राफ एकाच पानावर दाखवतं, आणि लहान ऑफिसला नेमकं तेच हवं असतं. आत्ता या क्षणी काय चाललंय हे बारकाईने पाहायचं असेल तर नेटडेटा उत्तम. त्याचा एजंट (सर्व्हरवर बसून आकडे गोळा करणारा प्रोग्राम) जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, पण सोबत येणारा नवा डॅशबोर्ड मुक्त परवान्याखाली नाही, हे माहीत असू द्या.

कारखान्यात दोन सर्व्हर, स्विच, यूपीएस, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर असा पसारा असेल तर झॅबिक्स घ्या. एसएनएमपी (नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची स्थिती विचारायची पद्धत) बोलणारी जवळपास सगळी उपकरणं त्याला जोडता येतात आणि तयार टेम्पलेट भरपूर आहेत. पहिले काही दिवस ते अवघड वाटतं. मेन्यू खूप आहेत. नेट धरा, फळ मिळतं. प्रोमिथियस मी त्यांनाच सुचवतो, ज्यांच्याकडे स्वतःचा प्रोग्रामर आहे किंवा सगळं कंटेनरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम वेगळा बंदिस्त ठेवून) चालतं. लहान ऑफिसमध्ये त्याची सेटिंगची फाइल लिहिणारा माणूस सोडून गेला, की ती उघडायलाही कोणी धजत नाही.

ही सॉफ्टवेअर पुढे पैसे मागायला लागतील का?

आज हातात असलेली आवृत्ती ज्या परवान्याखाली मिळाली, तो परवाना नंतर काढून घेता येत नाही. नव्या आवृत्त्यांचा परवाना मात्र बदलू शकतो. ग्राफाना २०२१ मध्ये अपाचे परवान्यावरून एजीपीएलवर गेलं आणि झॅबिक्सही २०२४ च्या ७.० आवृत्तीपासून एजीपीएलवर आलं. दोन्ही मुक्तच राहिली. स्वतःच्या ऑफिसात न बदलता वापरणाऱ्याला यातून काही फरक पडत नाही.

आमचा सर्व्हर विंडोजचा आहे, हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. हे सगळं चालेल?

चालेल. झॅबिक्सचा एजंट विंडोजवरही बसतो. प्रोमिथियससाठी विंडोज एक्स्पोर्टर आहे, तो ९१८२ या पोर्टवर आकडे देतो. नोंदी ठेवणारं मुख्य मशीन मात्र लिनक्सचं ठेवा. कपाटावर ठेवून दिलेला जुना डेस्कटॉपसुद्धा त्याला पुरतो.

लक्ष ठेवणारं मशीन कुठे ठेवायचं?

किमान एक डोळा इमारतीबाहेर हवा. बडोद्यात हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर, दोन्ही वेळा कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरलं आणि बऱ्याच भागांतली लाइट गेली. सर्व्हर आणि त्याच्यावर नजर ठेवणारं मशीन एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर असतील, तर दोघं एकदमच गप्प होतात. आणि अलर्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं आपण घरी बसून समजत राहतो.

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. अपटाइम कुमा हे छोटं मुक्त सॉफ्टवेअर एखाद्या स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याने मिळणाऱ्या आभासी सर्व्हरवर) किंवा दुसऱ्या शाखेतल्या मशीनवर बसवा. ते बाहेरून दर मिनिटाला दार वाजवतं आणि उत्तर नाही मिळालं की टेलिग्रामवर किंवा मेलवर कळवतं. वेबसाइटचं सर्टिफिकेट संपत आलं असेल तर तेही सांगतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि आपोआप होणारं नूतनीकरण कधीतरी अडकतंच.

दुसरी गोष्ट हेल्थचेक्स नावाची सेवा. याचं काम उलटं आहे: रोजचा बॅकअप पूर्ण झाला, की बॅकअपच्या स्क्रिप्टनेच तिथे हजेरी लावायची. ठरलेल्या वेळेत हजेरी आली नाही, तर बोंब. बॅकअप महिनोन् महिने बंद होता हे डिस्क गेल्यावर कळणं, याहून वाईट दिवस नाही. हे दोन्ही एका दुपारी बसवून होतं. बाकी सगळं पुढे ढकललंत तरी एवढं करून टाका.

यूपीएसला यूएसबी किंवा सिरियल पोर्ट असेल तर नट म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स जोडा. बॅटरी संपत आली, की सर्व्हर रीतसर बंद होतो आणि डेटाबेस वाचतो.

अलर्ट किती आणि कशाकशाचे लावावेत?

ज्या अलर्टवर कोणी उठून काहीतरी करणार आहे, तेवढेच. उत्साहाच्या भरात सुरुवातीला पन्नास अलर्ट लावले जातात, फोन दिवसभर वाजतो आणि आठवड्याभरात सगळे तो ग्रुप म्यूट करतात. त्यानंतर खरा अलर्ट आला तरी तो कोणाच्या नजरेस पडत नाही. सीपीयू ९० टक्के झाला, यावर रात्री तुम्ही काय करणार? काहीच नाही. मग तो अलर्ट नकोच, ग्राफ पुरे. बिलिंगचं पान उघडत नाही, बॅकअप झाला नाही, डिस्क भरत आली, यूपीएस बॅटरीवर गेला, रेडमधली (अनेक डिस्क जोडून केलेल्या संचातली) डिस्क निकामी झाली: हे अलर्ट.

मर्यादा ठरवताना आकड्यासोबत वेगही पाहा. पावसाळ्यात आपण सगळे काला घोडा पुलापाशी विश्वामित्री किती फुटांवर आहे ते विचारत असतो. धोक्याची पातळी २६ फूट, पण २० फुटांवरच माणूस विचारतो की पाणी चढतंय की उतरतंय, आणि आजवा तलावातून किती सोडलंय. डिस्कचंही तसंच. ८५ टक्के भरलेली डिस्क वर्षभर ८५ वरच असेल तर काळजी नाही. ६० टक्क्यांवरून दोन दिवसांत ७५ वर गेली तर आजच बघायला हवं. प्रोमिथियसमध्ये 'प्रेडिक्ट लिनिअर' नावाचं फंक्शन आहे, याच वेगाने चार दिवसांनी जागा संपेल का ते सांगणारं. झॅबिक्समध्येही असा अंदाज बांधणारी फंक्शन्स आहेत.

शिवाय क्षणिक उसळीवर अलर्ट नको. परिस्थिती सलग पाच-दहा मिनिटं तशीच राहिली तरच कळव, अशी अट प्रोमिथियस आणि झॅबिक्स दोन्हींत घालता येते. दिवाळीच्या सुट्टीत आणि उत्तरायणाला मुद्दाम मशीन बंद ठेवणार असाल, तर तेवढ्या काळासाठी देखभालीची वेळ नोंदवून ठेवा. अलर्ट कोणाच्या फोनवर जाणार, आणि तो गावाला गेला तर कोणाच्या, हेही लिहून ठेवा.

नवरात्रात गरब्याच्या पासची विक्री सुरू झाली की आमची साइट लटकते, पण ग्राफमध्ये सरासरी वेळ चांगली दिसते. असं कसं?

सरासरीत त्रास झाकला जातो. शंभरातल्या नव्वद जणांना पान पाव सेकंदात मिळालं आणि दहा जण वीस-वीस सेकंद अडकले, तर सरासरी सव्वादोन सेकंदांच्या आसपास येते. तो आकडा या दोघांपैकी कोणाचाच अनुभव सांगत नाही. अडकलेले ते दहा जण नेमके पैसे भरण्याच्या पायरीवर असू शकतात. म्हणून ९५ वा आणि ९९ वा पर्सेंटाइल पाहायची सवय लावा: शंभरातल्या ९५ जणांना जास्तीत जास्त किती थांबावं लागलं? सोबत एरर किती आले तेही मोजा.

साइट व्हीपीएसवर असेल तर टॉपमधला 'एसटी' हा आकडाही बघा. तुमच्या वाट्याचा सीपीयू त्याच यंत्रावरचे शेजारी किती वेळ वापरतायत, ते त्यातून कळतं. तो सतत दहाच्या वर असेल, तर कोडमध्ये चुका शोधण्याआधी होस्टिंगवाल्याशी बोला. आणि पहिल्या माळेच्या आधी मोजमाप सुरू करा. गर्दीच्या दिवशी मोजायला लागलात, तर ताडून पाहायला आधीच्या नोंदीच नसतात.

नोंदींसाठी जागा किती लागते?

वाटते त्यापेक्षा खूप कमी. प्रोमिथियसमध्ये एका नोंदीला सरासरी एक ते दोन बाइट लागतात. एका सर्व्हरचे हजार आकडे दर १५ सेकंदांनी घेतले, तर दिवसाला ५७ लाख ६० हजार नोंदी, म्हणजे फार तर १२ एमबी. वर्षाला चार-साडेचार जीबी. मात्र प्रोमिथियस मुळात १५ दिवसांच्याच नोंदी ठेवतं. वर्षभराच्या हव्या असतील तर ती मुदत वाढवा, आणि पहिल्याच दिवशी वाढवा. रास्पबेरी पायवर हे चालवत असाल तर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा, सततच्या लिखाणाने कार्ड लवकर जातं.

मे महिन्यात दुपारी सर्व्हर हळू होतो. हा भास आहे का?

नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो. एलएम सेन्सर्स हा तापमान वाचणारा प्रोग्राम बसवा आणि तापमानाचा ग्राफही बाकीच्यांशेजारी ठेवा. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी आश्रे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. बाहेर पारा चाळिशी पार करत असताना लाकडी कपाटात बंद केलेल्या सर्व्हरला ती मिळणं शक्य नाही. जीआयडीसीतली धूळ पंख्यांत साचते. साफसफाईच्या आधीचा आणि नंतरचा ग्राफ मालकांना दाखवा, पुढच्या वेळी साफसफाई करा म्हणून सांगावं लागत नाही.

डॅशबोर्ड घरून पाहता यावा म्हणून इंटरनेटवर उघडा ठेवला तर?

अजिबात ठेवू नका. नोड एक्स्पोर्टरचा (प्रोमिथियसला लिनक्सचे आकडे देणाऱ्या प्रोग्रामचा) ९१००, प्रोमिथियसचा ९०९०, नेटडेटाचा १९९९९ आणि ग्राफानाचा ३००० हे पोर्ट रोज जगभरातून चाचपले जातात. नुसते आकडे वाचूनही बाहेरच्याला कोणती आवृत्ती, कोणती डिस्क, कोणत्या वेळी सर्व्हर रिकामा, हे सगळं कळतं. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राफानाच्या ८.० ते ८.३ या आवृत्त्यांत लॉगिनशिवाय सर्व्हरवरच्या फाइली वाचता येतील अशी फट सापडली होती. वायरगार्ड किंवा एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीतून, आत या, सुरुवातीचे पासवर्ड त्याच मिनिटाला बदला आणि अपडेट टाळू नका.

मालकांना यातलं काय दाखवायचं?

वर्षभराचा ग्राफ, त्यावर तारखांच्या खुणा करून. ग्राफानात अशा खुणा करता येतात. नाहीतर साधी वही ठेवा: आज रॅम वाढवली, आज नवं व्हर्जन टाकलं, आज तीन नवे संगणक जोडले. 'सर्व्हर जुना झाला' यावर कोणतेही शेठ पैसे काढत नाहीत. पण दिवाळीपासून डिस्कचा प्रतीक्षावेळ दुप्पट झालाय, सीपीयू मात्र निम्मासुद्धा वापरला जात नाही, हे एका कागदावर दिसलं तर निर्णय तिथेच होतो: सर्व्हर तोच ठेवायचा, डिस्कच्या जागी एसएसडी लावायच्या.